पडवीतली सायकल : विकावी की ठेवावी?

शिरूर असो की दौंड, तालुक्यातल्या कोणत्याही गावात चार घरे हिंडलात तर एखाद्या पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक काळी सायकल हमखास दिसेल. टायर बसलेले, कॅरिअरवर खताच्या रिकाम्या गोण्या, हँडलवर वाळत घातलेले दोर. कधी काळी आजोबा तिच्यावरून बाजाराला जात, नाही तर चुलते दौंड स्टेशनवर गाडी गाठायला जात. घरात मोटारसायकल आली आणि हिचे काम संपले. मग दिवाळीची आवराआवर निघाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘उगीच जागा अडवते, भंगारवाला आला की देऊन टाका.’ दुसरा म्हणतो, ‘आजोबांची आठवण आहे, राहू द्या.’

हे दोन्ही पक्ष बहुधा न मोजता बोलतात, असे माझे मत आहे. चालू होऊ शकणारी सायकल भंगारात घालणे चूक आहे आणि ती नुसती उभी करून ठेवणेही चूकच आहे. पण ती चालू होऊ शकते की नाही, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. धुळीने माखलेली सायकल उत्तम असू शकते आणि पुसून ठेवलेली निकामी. म्हणून निकाल देण्याआधी एक रविवार खर्ची घाला. फूटपट्टी, पान्हा, घड्याळ आणि वही एवढे साहित्य पुरे.

पहिला प्रश्न असा की, सायकलीतले नेमके काय म्हातारे होते? लोखंडाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेल. याला धातूची थकावट म्हणतात. परंतु पोलादाचा एक मोठा गुण असा की, त्यावर पडणारा ताण एका ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर तो लाखो वेळा पडला तरी पोलाद थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. जुन्या काळ्या सायकलींचे सांगाडे जाड पोलादी नळ्यांचे असल्याने रोजच्या वापरातला ताण बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. नुसते उभे राहून तर पोलाद मुळीच थकत नाही. त्याचा शत्रू एकच, तो म्हणजे गंज.

गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. इथे पावसाचे दिवस थोडे आणि उरलेले वर्ष कोरडे. त्यामुळे रत्नागिरीच्या पडवीत दहा वर्षे उभी राहिलेली सायकल आणि शिरूरच्या पडवीत दहा वर्षे उभी राहिलेली सायकल यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुष्काळी मुलुखाचे फायदे मोजायला बोटे कमीच लागतात, पण हा एक फायदा जरूर मोजावा! तरीही मडगार्डच्या आतली बाजू, रिमला तारा जिथे बसतात ती भोके आणि सीटची नळी या जागा तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंज खरवडा. खाली चकचकीत धातू लागला तर गंज वरवरचा आहे. टोक आत घुसले तर मात्र तो भाग गेला. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, म्हणून तो फुगून पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. रंगाचा टवका उडालेली जागा वेळीच रंगवायची ती याच कारणासाठी.

रबराची गोष्ट अगदी उलट आहे. रबर वापरले तर झिजते आणि न वापरले तरी म्हातारे होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, पण हवेतला ओझोन रबराच्या लांबच लांब रेणूंना तोडतच राहतो. त्यातही ताणलेल्या रबरावर तो जास्त चालतो. हवा गेलेल्या टायरवर सायकल वर्षानुवर्षे उभी राहिली की टायरची बाजू घडी पडून ताणलेली राहते आणि नेमक्या त्याच घडीवर भेगा पडतात. तेव्हा हिशेब करताना दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब आणि ब्रेकचे रबर यांची किंमत शून्य धरा. हवा भरून पाहिली आणि टिकली, म्हणून आनंदून जाऊ नका. आपल्याकडच्या पाऊलवाटांवर सराटे आणि बाभळीचे काटे अशा टायरचीच वाट पाहत असतात.

आता साखळी. सायकलच्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. साखळी ताठ धरून फूटपट्टी लावा. अंतर १२ आणि एक अष्टमांश इंच किंवा अधिक भरले, तर साखळी बदलायला झाली. साखळी ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले गेलेले नसते. प्रत्येक पिनेजवळ थोडी थोडी झीज होते आणि अशा चोवीस झिजांची बेरीज फूटपट्टीवर दिसते. शाळेत ज्याला संचित त्रुटी म्हणतात, तिचे इतके सोपे उदाहरण दुसरे मिळणार नाही. झिजलेली साखळी दंतचक्राचे दातही खाते, म्हणून हे मोजमाप टाळू नये.

साखळीला तेल घालताना एक काळजी घ्या. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातलेच तेल साखळीला लावतात. वनस्पती तेले हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू चिकट होतात. तेलाच्या जुन्या बरणीच्या तोंडाशी जो चिकटा धरतो तोच हा. त्यात धूळ बसली की साखळीवर सहाणेचा लेप दिल्यासारखे होते. खनिज तेलच वापरावे, तेही थोडे.

यानंतर चाक उचलून फिरवा. खरखर आवाज आला तर आतले छर्रे कोरडे पडले आहेत. त्यांना ग्रीस हवे, नवी सायकल नको. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. ते खडखडले तर कोन आवळायचा आहे. पायडलचा कॉटर ढिला असेल तर तोही बदलावा. हे सर्व गावातला सायकल-मिस्त्री एका दुपारात करतो. रिमचा आऊटही तोच काढतो.

हे झाल्यावर मजेदार भाग येतो. गावाबाहेरचा सपाट डांबरी रस्ता पाहा आणि वारा नसताना, म्हणजे सकाळी लवकर, तिथे जा. रस्त्यावर १५ मीटर अंतरावर दोन खुणा करा. ते अंतर ५ सेकंदांत कापाल अशा बेताने सायकल चालवा, म्हणजे वेग सेकंदाला ३ मीटर झाला. दुसऱ्या खुणेशी पायडल मारणे थांबवा आणि सायकल आपोआप किती अंतरावर थांबते ते मोजा. समजा, ती ४५ मीटर गेली. वेगाचा वर्ग ९, त्याला अंतराच्या दुपटीने, म्हणजे ९० ने भागले की मंदन मिळते ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. तुमचे वजन ५० किलो आणि सायकलचे २० किलो धरले, तर एकूण ७० किलोला रोखणारे सरासरी बल अवघे ७ न्यूटन! यात टायर, छर्रे आणि थोडा वारा असे सगळेच आले. आता टायरमधली हवा कमी करून हाच प्रयोग करा. समजा, सायकल २५ मीटरवरच थांबली. मग मंदन ०.१८ आणि बल १२.६ न्यूटन झाले. म्हणजे चार किलोमीटरच्या शाळेला जाताना पहिल्या वेळी २८ हजार ज्यूल कार्य करावे लागेल आणि दुसऱ्या वेळी ५० हजारांवर. ‘जुनी सायकल जड चालते’ अशी तक्रार असते, तिच्यातला पुष्कळ भाग पंपाच्या वीस-पंचवीस झटक्यांत निघून जातो, हे तुमचे तुम्हीच सिद्ध कराल. प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्या, कारण आपल्याला सपाट वाटणारा रस्ता क्वचितच सपाट असतो.

वजनाचीही तक्रार असते. दुकानातली नवी सायकल पाच किलोने हलकी आहे, हे खरे. पण सपाट रस्त्यावर टायरचा विरोध हा एकूण वजनाच्या प्रमाणात असतो आणि ७० किलोत पाच किलो म्हणजे सुमारे ७ टक्के. वाऱ्याचा विरोध तर वजनावर अवलंबूनच नाही. चढावर गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक किलो उचलावा लागतो. भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्याने मला विचारले तर मी त्याला गिअरची हलकी सायकल घ्यायला सांगेन. भीमा आणि घोड नदीच्या काठच्या सपाटीवर तसा सल्ला देण्याचे कारण दिसत नाही. दौंड तालुक्यातून खडकवासल्याचा कालवा जातो. पाणी नुसत्या उताराने वाहावे म्हणून कालव्याला किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच उतार देतात. त्याच्या कडेची वाट ही परिसरातली सर्वांत सपाट वाट होय. इंजिनिअरांनी ती पाण्यासाठी आखली, पण ती सायकलवाल्याच्याही उपयोगी पडते. (पोहता येत नसेल तर मात्र काठापासून दूर चालवावे.)

सुटे भाग मिळतील का, ही शंका रास्त आहे. सोनीपतच्या ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, आणि तोही नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. पण काळ्या सायकलीचे भाग ठरावीक मापाचे असतात. अर्ध्या इंचाची साखळी, २८ इंची चाक आणि दीड इंची टायर ही मापे आजोबांच्या सायकलीत होती आणि आजही बाजारात मिळतात. कारखान्याचे नाव गेले तरी माप शिल्लक राहते. प्रमाणीकरण या रुक्ष शब्दाचा हा व्यवहारातला अर्थ आहे.

भंगारात घातली तर काय होते, तेही पाहू. पोलाद वाया जात नाही. आपल्या राज्यात जालन्याला भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. एक टन भंगार वितळवायला साधारण ५०० ते ७०० युनिट वीज लागते, म्हणजे एका सायकलीला १० ते १४ युनिट. खनिजापासून नवे पोलाद करण्यापेक्षा हे पुष्कळच बरे. जगाच्या सरासरीने एक टन पोलादामागे जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने वीस किलोच्या नव्या सायकलीमागे सुमारे चाळीस किलो. आकडा मोठा वाटतो, पण एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरवरचे आठशे किलोमीटर सायकलने वाचवले की चाळीस किलो फिटले. चार किलोमीटरच्या शाळेला हे शंभर दिवसांचे जाणे-येणे झाले. जुनी सायकल वापरली तर तेवढेही फेडावे लागत नाही. भंगारात पोलाद वाचते, पण नळ्या जोडून, चाके विणून जी सायकल घडली, ती घडण जाते. माणूस एका श्रमात किती दूर जाईल, हा प्रश्न सुटतो तो त्या घडणीमुळे. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात दाखवले होते की, चालणाऱ्या माणसाला वजनाच्या दर ग्रॅममागे दर किलोमीटरला ०.७५ कॅलरी लागतात, तर सायकलवरच्या माणसाला अवघ्या ०.१५. पायी चालणाऱ्याच्या एक पंचमांश!

हा एक पंचमांश कोणाला हवा आहे? तुम्ही २०२१-२२ चा एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप पाहिला असेल. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि एस. टी. मात्र आगारात उभ्या होत्या. ज्यांच्या घरी कोणी मोटारसायकलवर सोडणारे होते ती मुले शाळेत आली. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींचे काय झाले असेल, याचा अंदाज बिहारच्या अनुभवावरून बांधता येतो. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत झाली. सायकलीने अंतर कमी झाले नाही, वेळ कमी झाला, आणि मुलीला शाळेत पाठवायचे की नाही हा निर्णय घरात वेळेवरून होत होता. तुमच्या पडवीत उभी असलेली वस्तू ही आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी व पालकांसाठी. हायस्कुलाच्या दारात विद्यार्थ्यांच्या स्कूटरी उभ्या दिसतात. सोळा वर्षांखालील मुलाला सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही मोटार-वाहन चालवण्याची परवानगी नाही. सोळा ते अठरा या वयात परवाना मिळतो तो फक्त ५० सी. सी. पर्यंतच्या वाहनाचा. २०१९ च्या दुरुस्तीने अशा अपराधात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला आहे. मला कायद्यापेक्षा वर्गाचे सूत्र अधिक महत्त्वाचे वाटते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी ६० किलोमीटर वेग असेल, तर त्याच वजनामागे ऊर्जा सोळा पट होते, आणि पडल्यावर ती सगळी कोठेतरी जिरावी लागते.

याच सूत्रामुळे सायकल कोठे चालवू नये, हेही सांगितले पाहिजे. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या महामार्गांवर, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीच्या वाहतुकीत, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागेपुढे विद्यार्थ्याने सायकल घालू नये. शिरूर तालुक्यात बिबट्याचाही विचार करावा लागतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलेही मृत्युमुखी पडली. उसातून जाणाऱ्या वाटेने पहाटे किंवा अंधार पडल्यावर एकट्याने सायकलवर जाणे हे धाडस नव्हे. अशा वस्तीवरच्या पालकांनी मुलांना वाहनातून पाठवले तर मी त्यांना दोष देणार नाही. दिवसाउजेडी, चार-पाच जणांनी मिळून, लहान रस्त्याने, एवढ्या अटी पाळता येत असतील तिथेच माझा आग्रह लागू आहे.

घरात कोणीच चालवणार नसेल, पण सायकल द्यायलाही मन होत नसेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेचा विचार करा. तरफ, दंतचक्र, घर्षण, दाब, वर्तुळाकार गती हे सगळे धडे त्या एका यंत्रात आहेत. डायनॅमो असेल तर फॅरेडेचा १८३१ चा शोध हाताने फिरवून दाखवता येतो. आणि प्रश्न अवघड हवा असेल तर तोही आहे. चालती सायकल का पडत नाही? ‘फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे’ असे उत्तर आपण देतो. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून तो गुण जवळजवळ नाहीसा केला, तरी त्याला सायकल चालवता आली! २०११ मध्ये अमेरिका व नेदरलँड्सच्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम नसलेली आणि पुढचे चाक आपोआप मागे ओढले जाण्याचा गुणही नसलेली छोटी सायकल बनवली. ती ढकलून दिल्यावर स्वार नसतानाही तोल सावरत गेली. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते १८८८ साली, म्हणजे आपल्या मुलुखात सायकल येऊन सव्वाशेच्या वर वर्षे झाली, तरी तिच्या तोलाचे एका वाक्यातले उत्तर अजून कोणाजवळ नाही. असा नमुना प्रयोगशाळेत असावा की नसावा?

उरला विकण्याचा प्रश्न. मुदत ठरवा. दुरुस्तीनंतर एक महिना रोज कोण सायकल काढतो ते वहीत लिहा. महिन्यात चार वेळाही निघाली नाही, तर विकावी किंवा द्यावी, पण सायकल म्हणून, किलोवर नव्हे. आठवण ठेवायची असेल तर घंटी काढून ठेवा, किंवा नगरपालिकेच्या कराचा जुना पितळी बिल्ला लागला असेल तर तो ठेवा. तेवढ्याने सायकलीचे काही अडत नाही. किंमत सांगताना नव्या टायर-ट्यूब आणि साखळीचा खर्च उघड सांगा आणि तुमच्या वहीतले आकडे घेणाऱ्याला दाखवा. जून महिन्यात शाळा उघडण्याच्या आधीचा पंधरवडा त्यासाठी सर्वांत चांगला, कारण पाचवी-आठवीत नव्या शाळेला जाणारी मुले त्याच वेळी सायकल शोधत असतात.

सायकलला मोटारसायकलीसारखे नोंदणीचे पुस्तक नसते. पण सांगाड्यावर, सीटच्या नळीजवळ किंवा पायडलच्या आसाखाली एक क्रमांक ठोकलेला असतो. तिथली माती-रंग हलकेच काढून तो वाचा. साध्या कागदावर तो क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा. पुढे ती सायकल चोरीला गेली तर नव्या मालकाला पोलिसांत सांगायला तेवढा एकच आकडा उपयोगी पडतो.